‘तरी’ मागं, ‘ऑल्दो’ पुढं

खानापूर तालुक्यातल्या एका गावातून विचारणा आली आहे. मुलगी मराठी माध्यमातून एसएसएलसी झालेली, बेळगावात बी. कॉम. केलेली, आता उद्यमबागेतल्या एका कारखान्यात डिस्पॅच बघते. गिऱ्हाइकांना मेल इंग्रजीतच लिहावे लागतात आणि साहेब रोज काहीतरी खोडतात. खोडलेली तीन वाक्यं तिनं जशीच्या तशी दिली आहेत.

“ऑल्दो द ट्रक वॉज रेडी, बट द ड्रायव्हर डिड नॉट कम.”

“वी विल नॉट डिस्पॅच अनटिल युअर पेमेंट इज नॉट रिसीव्ह्ड.”

“बिकॉज फोर कास्टिंग्ज वेअर क्रॅक्ड, सो वी आर सेंडिंग देम बॅक.”

“साठ कंजंक्शनं मराठी अर्थासकट पाठ केली, तरी वाक्यं जोडताना चुकतंच. कुठं कुठलं घालायचं हे ठरवायचं कसं?” असं तिनं विचारलंय.

ताई, या तिन्ही वाक्यांत तुमचा एकही शब्दार्थ चुकलेला नाही. ‘ऑल्दो’ म्हणजे जरी, ‘अनटिल’ म्हणजे पर्यंत, ‘बिकॉज’ म्हणजे कारण, सगळं बरोबर. म्हणूनच ती साठांची यादी अजून दहा वेळा घोकली तरी साहेबांचं खोडणं थांबणार नाही. यादी शब्दाचा अर्थ सांगते. तो शब्द दोन वाक्यांच्या मध्ये नेमका कुठं बसतो आणि तिथं बसून काय करतो, हे ती सांगत नाही. तुमची चूक तिथं आहे.

बत्तीस वर्षं बेळगावात हायस्कूलला इंग्रजी शिकवलं, बहुतेक काळ मराठी माध्यमाच्या पोरांना. सुरुवातीला मीही फळ्यावर याद्याच लिहायचो. मग वह्या तपासता तपासता लक्षात आलं की पोरं वाटेल तशी चुकत नाहीत. अनगोळचा असो, वडगावचा असो, नाही तर नंदगडचा, सगळे एकाच ठिकाणी आणि एकाच तऱ्हेनं चुकतात. म्हणजे मागं काहीतरी कारण असणार.

“पाऊस आला तर मी येणार नाही” हे वाक्य घ्या. व्याकरणाच्या पुस्तकात ‘जर–तर’ अशी जोडी असते, पण बोलताना आपण ‘जर’ कधीच गिळून टाकलाय. उरतो तो ‘तर’, आणि तो पहिल्या वाक्याच्या शेपटाला. “आजारी होतो तरी कामावर आलो” यातही ‘जरी’ गेला, ‘तरी’ राहिला. “तू सांगितलंस तेव्हा मी निघालो” यात ‘जेव्हा’ गेला, ‘तेव्हा’ राहिला. मराठी जोडीतला पहिला शब्द टाकते आणि दुसरा ठेवते. इंग्रजी बरोबर उलट करते. ‘इफ’ ठेवते, ‘देन’ टाकते. ‘ऑल्दो’ ठेवते आणि त्याच्या जोडीला काहीच लागत नाही. आपला सांधा, म्हणजे वाक्यं जोडणारा शब्द, पहिलं वाक्य संपताना येतो, त्यांचा वाक्य सुरू व्हायच्या आधी.

आपल्या भागात यात आणखी एक भर आहे. शेजारच्या कन्नडमध्येही सांधा मागंच असतो. “मळे बंदरे” म्हणजे पाऊस आला तर, “मळे बंदरू” म्हणजे पाऊस आला तरी. नुसतं क्रियापदाचं शेपूट बदललं की अर्थ बदलला. ‘आला तर, आला तरी’ आणि ‘बंदरे, बंदरू’ शेजारी शेजारी ठेवून बघा, एकाच साच्यातून काढल्यासारखे दिसतात. सांगलीजवळच्या कुपवाडमध्ये जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन या दोघा भाषाअभ्यासकांनी हेच तपासलं होतं. तिथल्या मराठी, कन्नड आणि उर्दूत शब्द वेगवेगळे, पण वाक्याची मांडणी जवळपास एकच झाली आहे, असं त्यांनी १९७१ साली मांडलं. हे वाचलं तेव्हा मला हसू आलं. आमच्या गल्लीत हे सगळ्यांना ठाऊक असतं, फक्त कुणी लिहून काढलेलं नसतं. मुद्दा असा की घरी मराठी आणि बाजारात कन्नड बोलणाऱ्या माणसाला दोन्हीकडून एकच सवय लागते. इंग्रजीत गेल्यावर ती सवय पायात येते.

कशी येते ते बघा. पोराच्या डोक्यात असतं, “पाऊस जोरात होता तरी बस आली.” तो शब्दाला शब्द लावत जातो आणि ‘तरी’च्या जागी ‘ऑल्दो’ बसवतो. “द रेन वॉज हेवी, ऑल्दो द बस केम.” व्याकरणात खोट नाही. कॉम्प्युटरही खाली लाल रेघ ओढणार नाही. पण अर्थ उलटा झाला. आता हे वाक्य सांगतंय, “बस आली असली तरी पाऊस जोरात होता”, जणू बस आली की पावसानं थांबायचं असतं! म्हणून ‘ऑल्दो’ वापरताना एकच विचारायचं: मराठीत ‘असलं तरी’, ‘असूनही’ कुठल्या वाक्याला चिकटलंय? त्या वाक्याच्या डोक्यावर ‘ऑल्दो’ ठेवायचा. पाऊस असला तरी, म्हणजे पावसाच्या डोक्यावर. “ऑल्दो द रेन वॉज हेवी, द बस केम.” किंवा “द बस केम, ऑल्दो द रेन वॉज हेवी.” पुढं-मागं कसंही चालेल, डोकं बदललं नाही म्हणजे झालं.

आता तुमचं पहिलं वाक्य. ‘ऑल्दो’ आहे आणि ‘बट’ही आहे. हे ‘जरी–तरी’चं भूत. आपल्याला जोडी लागते, एकटा शब्द आला की वाक्य लंगडं वाटतं. इंग्रजीत दोन वाक्यांना एकच सांधा पुरतो. क्रियापदं मोजायची. ‘वॉज’ एक, ‘डिड नॉट कम’ दोन. क्रियापदं दोन, तर सांधा एक; तीन असली तर दोन. म्हणून “ऑल्दो द ट्रक वॉज रेडी, द ड्रायव्हर डिड नॉट कम” नाही तर “द ट्रक वॉज रेडी, बट द ड्रायव्हर डिड नॉट कम”. तिसऱ्या वाक्यातही तेच, ‘बिकॉज’ ठेवा किंवा ‘सो’ ठेवा, दोन्ही नकोत. जुन्या इंग्रजी पुस्तकांत ‘ऑल्दो’च्या जोडीला ‘यट’ दिसतो. त्या वाटेला जाऊ नका, आज ते नाटकी वाटतं.

या चुकीला मी हसू शकत नाही. इंग्रजीच्याच शिक्षकाच्या जागेसाठी मी जो पहिला अर्ज टाइप करून घेतला, त्यात “दो आय ॲम फ्रॉम मराठी मीडियम, बट” असं होतं. मुलाखत घेणाऱ्यांनी ते वाक्य सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं, ‘बट’वर थांबले, पुन्हा वाचलं, आणि मला “यू मे गो” म्हणाले. ती नोकरी गेली ती गेलीच.

आता ‘ऑल्दो’ आणि ‘बट’ यांतलं कुठलं घ्यायचं? दोन्ही बरोबर असतात तेव्हा भार कुठं टाकायचाय ते बघा. ‘बट’ दोन्ही बाजू सारख्या तोलून धरतो. ‘ऑल्दो’ ज्याच्या डोक्यावर बसतो ते वाक्य दुय्यम होतं आणि दुसरं वर येतं. आपल्या गावाचंच उदाहरण घेऊ. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी नाव बेळगावी झालं. “ऑल्दो द ऑफिशियल नेम इज बेळगावी, पीपल स्टिल से बेळगाव.” हे लिहिणारा लोकांच्या बाजूचा. “ऑल्दो पीपल स्टिल से बेळगाव, द ऑफिशियल नेम इज बेळगावी.” हे लिहिणारा कचेरीतला. माहिती तीच, शब्द तेच, फक्त ‘ऑल्दो’नं जागा बदलली आणि माणूस कुठं उभा आहे ते कळलं. तुमच्या मेलमध्ये ट्रक तयार होता हे महत्त्वाचं की ड्रायव्हर आला नाही हे? गिऱ्हाइकाला उशिराचं कारण सांगताय, म्हणजे ड्रायव्हर मुख्य वाक्यात आणि ट्रक ‘ऑल्दो’खाली. तुमचा ‘ऑल्दो’ योग्य जागी होता, फक्त ‘बट’ जास्तीचा झाला.

‘म्हणून’वर मात्र मला जरा जास्त वेळ घालवायचाय, कारण बेळगावच्या माणसाला सगळ्यात जास्त तोच फसवतो. “तो उद्या येतो म्हणून सांगितला” असं आपण सर्रास म्हणतो. पुण्याचा माणूस ऐकून थबकतो. तो म्हणेल, “तो उद्या येतो असं त्यानं सांगितलं.” आपला हा ‘म्हणून’ कन्नडच्या ‘अंत’ला खेटून आहे, “बर्तीनी अंत हेळिदा” अगदी तसाच. लाज वाटून घ्यायचं कारण नाही, ती आपली बोली आहे. पण इंग्रजीत जाताना या एका शब्दाला तीन-चार वाटा फुटतात, आणि पोरगं सगळीकडं ‘सो’ टाकून मोकळं होतं. “ही टोल्ड सो ही इज कमिंग” हे मी किती वह्यांत खोडलंय त्याची मोजदाद नाही.

वाट कशी ओळखायची? ‘म्हणून’च्या अलीकडचं आणि पलीकडचं क्रियापद बघायचं. अलीकडं घडलेली गोष्ट असेल, ‘चुकली म्हणून’, ‘होता म्हणून’, तर ते कारण. तिथं ‘सो’ किंवा ‘बिकॉज’. “बस चुकली म्हणून चालत आलो” म्हणजे “आय मिस्ड द बस, सो आय वॉक्ड”. अलीकडं ‘-ावं’ किंवा ‘नये’ असेल, ‘कळावं म्हणून’, ‘चुकू नये म्हणून’, तर तो हेतू. तिथं ‘सो दॅट’, आणि पुढच्या वाक्यात ‘कॅन’, ‘कुड’, ‘विल’, ‘वुड’ यांपैकी कोणीतरी बहुधा लागतो. “बस चुकू नये म्हणून लवकर निघालो” म्हणजे “आय लेफ्ट अर्ली सो दॅट आय वुड नॉट मिस द बस”. पलीकडं सांगणं, विचारणं, वाटणं असेल तर ‘दॅट’. “येतो म्हणून सांगितला” म्हणजे “ही सेड दॅट ही वॉज कमिंग”. आणि “आण्णू म्हणून एक माणूस आला होता” यात काहीच जोडायचं नाही, तिथं ‘कॉल्ड’ किंवा ‘नेम्ड’.

‘सो’ आणि ‘सो दॅट’ यांतला फरक मी पोरांना बसनंच पटवायचो. “आय लेफ्ट अर्ली, सो आय डिड नॉट मिस द बस.” मला बस मिळाली, गोष्ट संपली. “आय लेफ्ट अर्ली सो दॅट आय वुड नॉट मिस द बस.” मनात काय होतं ते कळलं, बस मिळाली की नाही ते अजून कळलेलं नाही. मार्केटातल्या सिग्नलला अडकून ती चुकलीही असेल. तुमच्या कामात हा फरक पैशांचा आहे. “वी पॅक्ड द कास्टिंग्ज इन वुड सो दॅट दे वुड नॉट क्रॅक” आणि “सो दे डिड नॉट क्रॅक” या दोहोंतलं दुसरं लिहिलंत आणि पेटी उघडल्यावर तडा निघाला, तर तुमचं वाक्य खोटं ठरतं. पहिलं ठरत नाही.

शाळेत उभयान्वयी अव्ययांचे प्रकार शिकला असाल: न्यूनत्वबोधक, परिणामबोधक, कारणबोधक, उद्देशबोधक, संकेतबोधक. तेव्हा ती नावं नुसती घोकली, मार्क मिळाले, विसरली. आता काढा पुन्हा. ‘म्हणून’ एकाच रूपात परिणामबोधकही असतो आणि उद्देशबोधकही, हे तिथंच लिहिलेलं असतं. मराठीत आधी ठरवायचं की मला कमतरता दाखवायचीय, परिणाम सांगायचाय, कारण द्यायचंय की हेतू. ते ठरलं की इंग्रजी शब्द दोन-तीनच उरतात. साठांतून निवडायची वेळच येत नाही.

कारणाकडं या. ‘बिकॉज’, ‘सिन्स’, ‘ॲज’, तिघांचा अर्थ कारण. कोणी “का?” विचारलं तर उत्तर फक्त ‘बिकॉज’नं देता येतं. “व्हाय वेअर यू लेट?” याला “सिन्स द बस वॉज लेट” असं उत्तर कोणी देत नाही. ‘बिकॉज’ नवं कारण सांगतो, समोरच्याला ठाऊक नसलेलं. ‘सिन्स’ आणि ‘ॲज’ ठाऊक असलेलं कारण नुसतं पुढं सरकवतात, आपल्या ‘ज्याअर्थी’सारखं, आणि बहुधा वाक्याच्या सुरुवातीला येतात. “ॲज यू हॅव पेड इन फुल, वी आर डिस्पॅचिंग टुडे.” पैसे भरलेत हे गिऱ्हाइकाला माहीतच आहे, म्हणून ‘ॲज’ शोभतो.

पण दोघांनाही दुसरं पोट आहे. ‘सिन्स’ म्हणजे ‘पासून’ही. १९५६ च्या १ नोव्हेंबरला आपला जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. “सिन्स द डिस्ट्रिक्ट वेंट टू मैसूर स्टेट, द स्कूल्स हॅव टॉट कन्नड” असं कोणी लिहिलं, तर गेला ‘तेव्हापासून’ की गेला ‘म्हणून’? दोन्ही वाचता येतं. मुख्य वाक्यात ‘हॅव टॉट’ आहे म्हणून वाचणारा काळाकडं झुकेल, पण खात्रीनं नाही. सीमाभागात अशा संदिग्ध वाक्यावर दोन पक्ष पडायला वेळ लागत नाही! ‘ॲज’चंही तसंच, त्याच्या पोटात ‘असताना’ दडलेला असतो. मेलमध्ये शंका आली की सरळ ‘बिकॉज’ लिहावं. शाळेत कधीतरी कोणीतरी सांगितलेलं असतं की ‘बिकॉज’नं वाक्य सुरू करू नये. करावं. तुमचं तिसरं वाक्य ‘बिकॉज’नंच सुरू होतं आणि तो बरोबर आहे; मध्ये ‘सो’ घुसला एवढंच.

जाता जाता ‘-मुळे’. ‘पावसामुळे’ आणि ‘पाऊस पडल्यामुळे’, दोन्हीकडं आपला एकच प्रत्यय. इंग्रजीत पुढं नुसतं नाम असेल तर ‘बिकॉज ऑफ द रेन’, कर्ता-क्रियापद असेल तर ‘बिकॉज इट रेन्ड’. ‘असूनही’चं तेच, नाम असेल तर ‘डिस्पाइट’, पूर्ण वाक्य असेल तर ‘ऑल्दो’. ‘डिस्पाइट’ला ‘ऑफ’ लागत नाही. यापेक्षा जास्त त्यात काही नाही.

दुसरं वाक्य तिन्हींत धोक्याचं. “वी विल नॉट डिस्पॅच अनटिल युअर पेमेंट इज नॉट रिसीव्ह्ड.” हे कुठून आलं ते दिसतंय: “जोपर्यंत पेमेंट येत नाही तोपर्यंत माल सुटणार नाही.” मराठीत दोन्हीकडं ‘नाही’. इंग्रजी ‘अनटिल’ एका नकारावर भागवतो. “वी विल नॉट डिस्पॅच अनटिल युअर पेमेंट इज रिसीव्ह्ड.” तुमचं वाक्य काटेकोर वाचणाऱ्याला असं सांगतं की पैसे न मिळण्याची स्थिती येईपर्यंत माल थांबेल, म्हणजे पैसे दिले तर काय होईल कुणाला ठाऊक. गिऱ्हाईक समजून घेतं, कारण सगळा देशच असं लिहितो. पण समजून घेतल्यानं लिहिलेलं बरोबर होत नाही.

सोपा उपाय सांगू? मराठीत त्याच वाक्याचं दुसरं रूप करून बघायचं: “पेमेंट येईपर्यंत माल सुटणार नाही.” ‘येईपर्यंत’ म्हटलं की दुसरा ‘नाही’ आपोआप गळतो, आणि इंग्रजी याच रूपावर बेतलेलं आहे. ‘अनलेस’लाही हाच नियम, ‘नाही’ त्याच्या पोटातच आहे. “अनलेस यू पे” म्हणजे “तुम्ही पैसे दिले नाहीत तर”. “अनलेस यू डोन्ट पे” लिहिलंत की उलटंच झालं, मग पैसे देणाऱ्याचाच माल अडकला! ‘पर्यंत’ म्हटलं की आणखी एक गफलत होते. “शुक्रवारपर्यंत माल पाठवतो” यात ‘अनटिल’ नाही, ‘बाय फ्रायडे’. ‘अनटिल फ्रायडे’ म्हणजे शुक्रवार उजाडेस्तोवर रोज पाठवत राहणार.

‘की’ बघा. “चहा की कॉफी” हा ‘ऑर’. “साहेब म्हणाले की” हा ‘दॅट’. “ट्रक आला की कळवते” हा ‘व्हेन’ नाही तर ‘ॲज सून ॲज’. “हो की” आणि “या की” याला इंग्रजी नाहीच, ते आपल्याजवळच राहू द्या. यातला ‘आला की’ नीट लक्षात ठेवा. आपण रूप भूतकाळाचं वापरतो आणि बोलतो उद्याचं. इंग्रजी तिथं वर्तमानकाळ वापरते: “आय विल इन्फॉर्म यू ॲज सून ॲज द ट्रक अराइव्ह्ज.” ‘विल अराइव्ह’ नाही. ‘इफ’, ‘व्हेन’, ‘अनटिल’, ‘बिफोर’, ‘आफ्टर’ यांच्या पाठोपाठ उद्याचं बोलताना ‘विल’ येत नाही. एवढं एक पाळलंत तरी निम्मं खोडणं बंद होईल.

आणि ‘-ऊन’. याला मराठीत आपण सांधा मानतच नाही, पण इंग्रजीत गेल्यावर तो सांधा होतो. “स्टँडवर जाऊन पार्सल घेतलं” म्हणजे “आय वेंट टू द बस स्टँड अँड कलेक्टेड द पार्सल”, इथं ‘अँड’ पुरतो. पण पाहुणा उठला की आपण म्हणतो, “चहा पिऊन जावा.” एका पोरानं वर्गात पाहुणचाराचा संवाद लिहिताना याचं केलं, “ड्रिंक टी अँड गो.” वर्ग हसला, पण का हसला ते कुणालाच नीट सांगता येईना. ‘अँड’नं जाण्याचाही आग्रह झाला, चहा प्या आणि निघा! आपल्या ‘पिऊन’मध्ये आग्रह फक्त चहाचा असतो, जाणं पाहुण्याचंच असतं. “हॅव सम टी बिफोर यू गो.” मराठीत चहा आधी आणि जाणं नंतर, तो क्रम इंग्रजीत ‘बिफोर’ सांभाळतो.

‘इफ’ आणि ‘इन केस’ यांची गल्लत तुमच्या मेलमध्ये अजून दिसलेली नाही, पण जून आला की दिसेल. “इफ इट रेन्स, कव्हर द लोड” म्हणजे पाऊस आला तरच ताडपत्री घाला. “कव्हर द लोड इन केस इट रेन्स” म्हणजे पाऊस येवो न येवो, आत्ताच घाला, आला तर असावी म्हणून. चोर्ल्याच्या घाटातून गोव्याला माल जात असेल तर ड्रायव्हरला दुसरं लिहून द्या.

‘हाउएव्हर’, ‘देअरफोर’, ‘अदरवाइज’, ‘मोअरओव्हर’ हे तुमच्या साठांत असतील. खोडा ते. अर्थ सांध्यासारखे असले तरी ते सांधे नाहीत. “द ट्रक वॉज रेडी, हाउएव्हर द ड्रायव्हर डिड नॉट कम” यात स्वल्पविराम पुरत नाही. पूर्णविराम द्या आणि ‘हाउएव्हर’नं नवं वाक्य सुरू करा. आपल्या ‘तथापि’ला स्वल्पविराम चालून जातो, म्हणून हात वळतो.

‘नो सूनर’च्या मागं ‘दॅन’, ‘हार्डली’च्या मागं ‘व्हेन’ वगैरे बँकेच्या परीक्षा द्यायच्या असतील तर आदल्या आठवड्यात बघा. मेलमध्ये ते लिहिलंत तर साहेब पुन्हा पेन उचलतील आणि मी त्यांच्या बाजूनं असेन.

तुमच्या तीन वाक्यांवरून अंदाजानं उद्याचा मेल असा व्हावा: “ऑल्दो द ट्रक वॉज रेडी यस्टरडे, द ड्रायव्हर डिड नॉट कम. फोर कास्टिंग्ज वेअर क्रॅक्ड, सो वी आर सेंडिंग देम बॅक. वी हॅव पॅक्ड द रेस्ट इन वुड सो दॅट दे विल नॉट क्रॅक. वी विल नॉट डिस्पॅच अनटिल युअर पेमेंट इज रिसीव्ह्ड, अँड वी विल कन्फर्म ॲज सून ॲज द ट्रक लीव्ह्ज.” पाठवण्याआधी शेवटच्या वाक्यातली क्रियापदं बोटांवर मोजा: ‘विल नॉट डिस्पॅच’, ‘इज रिसीव्ह्ड’, ‘विल कन्फर्म’, ‘लीव्ह्ज’. चार. सांधे ‘अनटिल’, ‘अँड’, ‘ॲज सून ॲज’. तीन.